ब्रेकची सूचना आणि आपला प्रमाद
चातुर्मास संपताच अनेक कुटुंबे मोटारीने तीर्थवंदनेस निघतात. जमाखर्च रोज तपासणारा व्यापारीही ब्रेकचा आवाज मात्र ‘पुढच्या सर्व्हिसिंगला पाहू’ म्हणून टाळतो.

पावसानंतर सकाळी येणारी हलकी खरखर डिस्कवरील गंजाची असते. चार वेळा ब्रेक दाबताच ती थांबते. दरवेळी कर्कश आवाज येत असेल, तर पॅड झिजत आल्याची ती सूचना होय. अनेक पॅडांना त्यासाठीच धातूची पातळ पट्टी बसवलेली असते. लोखंड घासल्यासारखी घरघर झाल्यास गाडी पुढे नेऊ नये.

हँडब्रेक सोडूनही लाल दिवा राहिला, तर ब्रेक ऑइल कमी झाले असण्याचा संभव असतो. केवळ ऑइल भरून भागत नाही. पॅड झिजले की गळती आहे, हे पाहावे. हे ऑइल हवेतील ओलावा शोषते, म्हणून साधारण 2 वर्षांनी बदलावे. अन्यथा घाट उतरताना ते उकळून पेडल पोकळ जाऊ शकते.

ईर्यासमिती पाळणारे मुनी चार हात भूमी पाहून पाऊल टाकतात. गृहस्थाच्या हाती चाक असते. त्याचा यत्नाचार निघण्यापूर्वीच्या तपासणीत आहे. सूचना ऐकूनही दुर्लक्ष करणे हा प्रमाद, आणि हिंसेचा उगम प्रमादातच होतो.