स्पीड टेस्ट जे सांगत नाही

इंटरनेट हळू चालते अशी तक्रार केली की केबलवाल्याचा माणूस घरी येतो, राउटरशेजारी उभा राहून आपल्या मोबाइलवर स्पीड टेस्ट लावतो, ९० च्या पुढचा आकडा दाखवतो आणि निघून जातो. तो खोटे बोलत नसतो. तासाभराने आतल्या खोलीतून न्यू जर्सीतल्या मुलीशी बोलायला बसावे, तर तिचा आवाज तुटतो, चेहरा गोठतो. हॉलमधल्या टीव्हीवर सिनेमा मात्र बिनतक्रार चालू असतो. जोडणी एकच, आणि दोन्ही अनुभव खरे. आपण ज्याला सरसकट स्पीड म्हणतो त्यात दोन वेगवेगळ्या राशी दडलेल्या आहेत आणि प्लॅनच्या जाहिरातीत त्यातली एकच छापली जाते, म्हणून हा गोंधळ होतो.

छापली जाते ती राशी म्हणजे क्षमता: एका सेकंदात किती बिट जाऊ शकतात. इथे बिट आणि बाइट यांची गल्लत नेहमी होते. एमबीपीएस हे बिटचे माप आहे, तर फाइलचा आकार बाइटमध्ये सांगतात, आणि एक बाइट म्हणजे आठ बिट. म्हणून १०० एमबीपीएसच्या जोडणीवर डाउनलोड सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच्या वर जाणार नाही. माहिती लहान तुकड्यांत, म्हणजे पाकिटांत, जाते आणि प्रत्येक पाकिटावर पत्ता वगैरे लिहिण्यात काही जागा जाते, त्यामुळे थोडे कमीच. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले तेव्हा डायल-अपची क्षमता ९.६ केबीपीएस होती. आजची घरगुती जोडणी त्याच्या दहा हजार पट आहे. चांगल्या दर्जाच्या व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात, आणि ४-के चित्रपटासाठी नेटफ्लिक्स १५ एमबीपीएसची शिफारस करते. थोडक्यात, चार माणसांच्या घराला १०० एमबीपीएस कमी पडण्याची वेळ सहसा येत नाही.

दुसरी राशी म्हणजे विलंब. आपण पाठवलेले पाकीट पलीकडे पोचून त्याचे उत्तर परत येईपर्यंत लागणारा वेळ. तो मिलिसेकंदात मोजतात आणि मोजण्याच्या साधनाचे नाव पिंग. अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत काम करणाऱ्या माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये हा छोटासा प्रोग्रॅम लिहिला. पाणबुडीचा सोनार ध्वनी सोडून प्रतिध्वनीची वाट पाहतो, त्यावरून त्यांना हे नाव सुचले. चाळीस वर्षे उलटून गेली, तरी नेटवर्क सांभाळणारा माणूस आजही पहिल्यांदा पिंगच करून पाहतो.

विलंबाचा काही भाग निसर्गाने ठरवलेला आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे निर्वात पोकळीतल्या वेगाच्या दोन तृतीयांश. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. जाऊन-येऊन पंचवीस हजार, म्हणजे १२५ मिलिसेकंद तरी लागणारच. आणि समुद्राखालच्या केबल सरळ रेषेत जात नसल्याने प्रत्यक्षात बरेच जास्त. पैसे कितीही भरा, हे अंतर कोणी कमी करून देणार नाही. सुदैवाने माणसाच्या कानाला ते चालते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर संभाषण बहुतेक वेळा सहज होते. म्हणजे न्यू जर्सीशी नीट बोलता यायला हवे. येत नसेल, तर उरलेला विलंब वाटेत कुठेतरी निर्माण होतो आहे. बहुतेक वेळा ती जागा आपल्या घरातच असते.

हा शोध ज्यांनी लावला ते जिम गेटिस इंटरनेटच्या जगातले जुनेजाणते. एक्स विंडो सिस्टिमच्या निर्मात्यांपैकी एक, एचटीटीपीच्या १.१ आवृत्तीच्या संपादकांपैकी एक. २०१० मध्ये बेल लॅब्समध्ये काम करत असताना ते घरून ऑफिसकडे मोठ्या फाइल पाठवत होते, तेव्हा पिंगचे आकडे त्यांना विचित्र दिसले. एरवी काही मिलिसेकंदांत येणाऱ्या उत्तराला एक सेकंदाहून जास्त वेळ लागत होता. फाइल पाठवणे थांबले की सगळे पुन्हा ठीक. त्यांनी चिकाटीने माग काढला आणि कारण सापडले ते साध्या, स्वस्त मेमरीत.

प्रत्येक राउटरमध्ये, मोडेममध्ये, मोबाइल टॉवरमध्ये पाकिटे क्षणभर थांबवून ठेवायला जागा असते, तिला बफर म्हणतात. ती आवश्यकच आहे, कारण येणारी आणि जाणारी वाट सारख्या रुंदीची नसते. पण मेमरी स्वस्त होत गेली तशी उत्पादकांनी ही जागा वाढवत नेली. एकही पाकीट वाया जाऊ नये हा हेतू चांगला होता, परिणाम वाईट झाला. हिशेब करून पाहा. अपलोड १० एमबीपीएस आहे आणि बफर एक मेगाबाइटचा आहे. तो भरला की त्यातून बाहेर पडायला आठ दशांश सेकंद लागणार. घरातल्या कुणाच्या फोनने लग्नाचे फोटो गुगलवर चढवायला सुरुवात केली की हा बफर काठोकाठ भरतो, आणि तुमच्या आवाजाचे चिमुकले पाकीट त्या रांगेच्या शेपटाला जाऊन उभे राहते. खालापूरच्या टोलनाक्यावर मालट्रकच्या मागे अडकलेल्या रुग्णवाहिकेची जी गत, तीच त्याची. गेटिस यांनी या दुखण्याला ‘बफरब्लोट’ असे नाव दिले.

मग पाठवणारा संगणक वेग का कमी करत नाही? त्यासाठी आणखी मागे जावे लागेल. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातला दुवा कोसळला. अंतर अवघे चारशे यार्ड, पण वाहतूक सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर आली. पाकीट हरवले की संगणक ते पुन्हा पाठवत, त्याने गर्दी वाढे, आणखी पाकिटे हरवत. व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरल्स यांनी यावर उपाय शोधला आणि १९८८ मध्ये जेकबसन यांनी तो प्रसिद्ध केला. पाठवणाऱ्याने हळूहळू वेग वाढवत न्यावा, आणि एखादे पाकीट हरवले की ती गर्दीची खूण समजून वेग एकदम कमी करावा. सगळ्या जगाचे इंटरनेट आजही मुळात या शिस्तीवर उभे आहे, आणि ती कोणी वरून लादलेली नाही, प्रत्येक संगणक ती स्वतःहून पाळतो. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. पण या शिस्तीची मेख अशी की पाकीट वेळेवर हरवले पाहिजे. अवाढव्य बफर पाकीट हरवूच देत नाही. पाठवणाऱ्याला खूण मिळत नाही, तो ओततच राहतो, रांग वाढतच राहते.

उपाय शोधण्यात पुन्हा जेकबसनच होते, कॅथलीन निकोल्स यांच्यासोबत. २०१२ मध्ये त्यांनी ‘कोडेल’ ही पद्धत मांडली. रांग किती लांब आहे हे ती पाहतच नाही. प्रत्येक पाकीट रांगेत किती वेळ थांबले ते पाहते. सलग १०० मिलिसेकंद एकही पाकीट ५ मिलिसेकंदांच्या आत सुटले नाही, तर ती मुद्दाम एखादे पाकीट टाकून देते. पाठवणाऱ्याला खूण मिळते, तो वेग आवरतो. यापुढची पायरी म्हणजे प्रत्येक संवादाला वेगळी रांग देणे, म्हणजे फोटोंच्या ढिगाचा आणि आवाजाचा संबंधच येत नाही. हे सगळे खुले आहे, मोफत आहे, लिनक्समध्ये कित्येक वर्षांपासून आहे. तरीही केबलवाल्याने बसवून दिलेल्या स्वस्त राउटरमध्ये ते बहुधा सापडत नाही, याची मला खंत वाटते.

तेव्हा मोजणी करायची ती अशी. स्पीड टेस्ट आधी लॅन केबल लावलेल्या लॅपटॉपवर करा. हा तुमच्या जोडणीचा खरा आकडा. मोठा प्लॅन घेऊनही इथे ९४-९५ च्या वर काही केल्या जात नसेल, तर केबल किंवा राउटरचे पोर्ट जुन्या १०० एमबीपीएसच्या जातीचे असण्याची दाट शक्यता आहे. हजार एमबीपीएससाठी केबलमधल्या आठही तारा लागतात, एक तुटली तरी गाडी शंभरवर येऊ शकते. मग वायफायवर, राउटरच्या खोलीत. मग तक्रार असलेल्या खोलीत. दुपारी एकदा, रात्री नऊला एकदा. केबलवरचा आकडा दुपारी चांगला आणि रात्री पडत असेल, तर तो कंपनीकडचा प्रश्न, आणि तक्रार करताना ही नोंद हाताशी ठेवा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे, मायस्पीड हे ॲपही वापरता येते. स्पीड टेस्टचा सर्व्हर बहुधा तुमच्याच शहरात, कित्येकदा तुमच्याच कंपनीच्या जाळ्यात असतो, हेही ध्यानात असू द्या.

आणि डाउनलोडच्या मोठ्या आकड्याखाली बारीक अक्षरात असलेला पिंग वाचा. ऊकलाची स्पीडटेस्ट आणि नेटफ्लिक्सची फास्ट डॉट कॉम या दोन्ही रिकाम्या जोडणीवरचा विलंब वेगळा आणि डाउनलोड-अपलोड जोरात चालू असतानाचा विलंब वेगळा दाखवतात. ॲपलच्या मॅकमध्ये तर २०२१ पासून ही चाचणी अंगभूत आहे. रिकामा विलंब १०, भरलेला ३०-४०: उत्तम. रिकामा १०, भरलेला ४००: तुमचे दुखणे सापडले, आणि २०० एमबीपीएसचा प्लॅन हे त्याचे औषध नव्हे. औषध आहे रांगेला वर सांगितलेली शिस्त लावणारी ‘एसक्यूएम’ नावाची सोय असलेला राउटर. त्यात आपल्या मोजलेल्या वेगाच्या साधारण ९० टक्के मर्यादा घालायची. दहा टक्के सोडून दिल्याने रांग कंपनीच्या यंत्रात न लागता आपल्या राउटरमध्ये लागते, जिथे तिला शिस्त लावता येते.

केबलवर सगळे ठीक आणि खोलीत बोंब असेल, तर वायफायकडे वळा. लॅपटॉपवरून थेट राउटरला पिंग करा. त्याचा पत्ता राउटरच्या मागच्या लेबलवर असतो. एकाच घरात उत्तर दोन-पाच मिलिसेकंदांत यायला हवे. ते मध्येच दोनशेवर उड्या मारत असेल, तर कंपनीला फोन करून काही होणार नाही. वायफायमध्ये एका चॅनेलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकते, आणि शेजारच्या तीन फ्लॅटचे राउटर त्याच चॅनेलवर असतील तर तेही त्या पाळीत आले. २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. मायक्रोवेव्ह भट्टीही याच पट्ट्यात काम करते. ५ गिगाहर्ट्‌झमध्ये जागा पुष्कळ, पण ती लहर भिंतीतून कमी जाते. दूरच्या खोलीतला कमी रेंजचा फोन सावकाश बोलतो आणि पाळी अडवून ठेवतो, त्याचा फटका बाकी सगळ्यांना बसतो. म्हणून टीव्ही राउटरजवळ असेल तर त्याला केबल लावा. फायदा टीव्हीपेक्षा इतरांना जास्त होईल. राउटर माळ्यावर, लोखंडी कपाटाआड किंवा मुख्य दाराशेजारच्या मीटरपेटीत कोंबू नका. घराच्या मध्याशी, उघड्यावर, डोक्याच्या उंचीवर ठेवा. या एका बदलाला पैसा लागत नाही आणि सर्वांत जास्त गुण येतो.

सेटिंग बदलून वेग वाढवण्याची जुनी हौस एकेकाळी रास्त होती. उत्तराची वाट न पाहता जास्तीत जास्त किती माहिती पाठवायची याची मर्यादा जुन्या विंडोजमध्ये ६४ किलोबाइट किंवा त्याहून कमी असे. विलंब २५० मिलिसेकंद असेल तर त्या मर्यादेत सेकंदाला दोन मेगाबिटच्या वर जाणेच अशक्य. जोडणी कितीही मोठी असो. तेव्हा रजिस्ट्रीत जाऊन तो आकडा वाढवणारे लोक शहाणे होते. २००७ मध्ये आलेल्या विंडोज व्हिस्टापासून हे काम संगणक आपोआप करतो. विंडोज २० टक्के वेग राखून ठेवते ही समजूत चुकीची आहे, असे मायक्रोसॉफ्टने केव्हाच स्पष्ट केले आहे. डीएनएस, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणारी सेवा, बदलल्याने पान उघडायला होणारा आरंभीचा उशीर थोडा कमी होऊ शकतो, डाउनलोडचा वेग वाढत नाही. ‘नेट बूस्टर’ म्हणवणारी मोबाइल ॲप यातले काहीच करत नाहीत. ती आजच काढून टाका.

पुढच्या वेळी केबलवाल्याचा माणूस आला आणि त्याने मोठा आकडा दाखवला, तर त्याला त्याच पडद्यावरचा भरलेल्या जोडणीचा पिंग वाचून दाखवायला सांगा. मोठ्या प्लॅनचे पैसे भरायचे की नाहीत, हे तो आकडा पाहूनच ठरवा.