चेहरा नको, हात बघा! ♠️

हिंगोली, वसमत, कळमनुरी… पारावर पत्त्यांचा मेंढीकोट रंगला की सगळ्यांचे डोळे समोरच्याच्या तोंडावर. पण खरी चुगली हात करतात!

२०१३ मध्ये मानसशास्त्रज्ञ मायकल स्लेपियन आणि सहकाऱ्यांनी २००९ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या चित्रफिती लोकांना दाखवल्या. नुसता चेहरा बघणारे फसले. चिप्स सरकवणारा हात बघणाऱ्यांचा अंदाज बरा निघाला.

ओळखायचं कसं?
👉 पानं भारी असली की हात सहज, न अडखळता चालतो.
👉 उगाच जोर दाखवणाऱ्याकडं बहुधा काही नसतं. पोकरतज्ज्ञ माइक कॅरो यांनी हे १९८४ मध्येच पुस्तकात मांडलं.
👉 मोबाइलवर हात दिसत नाही, तिथं चालीला लागलेला वेळ बोलतो.

लपवायचं कसं?
✅ साधी चाल असो वा अवघड, वेळ तेवढाच घ्या.
✅ पानं रंगवार लावू नका. कुठून पान उपसलं, यावरून हुकूम किती उरलेत ते मुरलेला गडी ओळखतो.
✅ मेंढी (दहाचं पान) हातात आली तरी बसण्याची ढब बदलू नका.

पैसे मात्र लावू नका. महाराष्ट्राचा जुगारबंदीचा कायदा १८८७ चा आहे, आणि पैशांच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आणली आहे.

तुमच्या गावात बंद हुकूम खेळतात की कटहुकूम? कमेंटमध्ये सांगा!