वीस मिनिटांत उरकलेलें स्वराज्य

स्वराज्याचा दस्तऐवज हातीं आला म्हणजे त्यांत काय दिलें आहे हें जो तो पाहतो. दिलेलें परत घेण्याचा अधिकार कोणी राखून ठेवला आहे, हें पाहण्याची तसदी मात्र थोडेच घेतात. ब्रिटिश पार्लमेंटांत ता. १२ जून २०१८ रोजीं स्कॉटलंडच्या हक्कांची जी वासलात लागली, तिच्यावरून या दुसऱ्या प्रश्नाचें महत्त्व इतकें स्पष्ट होतें कीं, ती हकीकत आमच्या वाचकांनीं समजून घ्यावी असें आम्हांस वाटतें.

१७०७ सालीं स्कॉटलंडचें पार्लमेंट संपुष्टांत येऊन लंडन येथें एकच पार्लमेंट झालें. पुढें १९९७ सालीं लोकमत घेतलें, तेव्हां शेंकडा ७४ मतदारांनीं आपल्या विधिमंडळाच्या बाजूनें कौल दिला. १९९८ चा कायदा झाला आणि १९९९ पासून एडिंबरो येथें विधिमंडळ सुरू झालें. संरक्षण, परराष्ट्रव्यवहार, चलन हे विषय लंडनकडे राहिले. शिक्षण, आरोग्य, शेती, मासेमारी, न्यायदान हे स्कॉटलंडकडे आले. परंतु त्याच कायद्याच्या २८ व्या कलमांत असें पोटकलम आहे कीं, स्कॉटलंडसाठीं कायदे करण्याच्या ब्रिटिश पार्लमेंटच्या अधिकारास यामुळें बाध येत नाहीं. एका हातानें दिलें, पण दुसऱ्या हाताची मूठ सोडली नाहीं! यावर उतारा म्हणून सरकारपक्षाचे लॉर्ड सेवेल यांनीं आश्वासन दिलें कीं, सोंपविलेल्या विषयांत तेथील विधिमंडळाच्या संमतीवांचून पार्लमेंट सामान्यतः कायदा करणार नाहीं. २०१६ सालीं हें आश्वासन कायद्यांत शिरलें. परंतु ‘सामान्यतः’ हा शब्द तसाच राहिला, आणि सारी मेख तेथेंच आहे. ता. २४ जानेवारी २०१७ रोजीं ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, हा राजकीय संकेत आहे. त्याची अंमलबजावणी करणें न्यायालयाचें काम नव्हे.

परीक्षेची वेळ लवकरच आली. ब्रिटन युरोपीय संघांतून बाहेर पडणार, तेव्हां शेती, मासेमारी, पर्यावरण यांविषयींचे ब्रसेल्सकडील अधिकार परत येणार होते. त्यांपैकीं कांहीं अधिकार एडिंबरोस न जाऊं देतां कांहीं वर्षें लंडनला अडवून ठेवतां यावेत, अशी तरतूद सरकारनें बिलांत घातली. ता. १५ मे २०१८ रोजीं स्कॉटलंडच्या विधिमंडळानें ९३ विरुद्ध ३० मतांनीं संमति नाकारली. वेल्सच्या विधिमंडळानें त्याच दिवशीं संमति दिली, हेंही सांगितलें पाहिजे. १२ जून रोजीं हा विषय सामान्य सभागृहापुढें येणार होता. परंतु इतर दुरुस्त्यांवर मतें मोजण्यांतच वेळ गेला, आणि या कलमाच्या वाट्यास वीस मिनिटांहूनही कमी वेळ आला. तोही बहुतेक मंत्रिमहाशयांच्याच भाषणांत संपला. दुसऱ्या दिवशीं स्कॉटिश नॅशनल पक्षाचे पुढारी ब्लॅकफोर्ड यांस अध्यक्षांनीं सभागृहाबाहेर जाण्यास सांगितलें व त्यांचे सहकारी त्यांच्यामागून निघून गेले. १८ जून रोजीं तांतडीची चर्चा झाली, पण ती वरात गेल्यावर वाजविलेल्या वाजंत्र्यासारखी होती. २६ जून रोजीं बिलाचा कायदा झाला.

याला दुसरी बाजू नाहीं असें नाहीं. स्कॉटलंडचे सभासद इंग्लंडच्या शाळा-दवाखान्यांविषयीं मत देतात, मग इंग्लंडनें स्कॉटलंडच्या कारभारांत कां बोलूं नये, हा प्रश्न टॅम डॅलियल यांनीं १९७७ सालींच विचारला होता. ता. २७ जानेवारी २००४ रोजीं इंग्लंडांतील विद्यार्थ्यांची फी वाढविणारें बिल ३१६ विरुद्ध ३११ मतांनीं पुढें सरकलें, आणि त्यांत स्कॉटिश सभासदांचीं मतें निर्णायक ठरलीं. इंग्रजांची ही तक्रार रास्त आहे. शिवाय २०१४ च्या लोकमतांत शेंकडा ५५ स्कॉटिश मतदारांनीं ब्रिटनमध्यें राहणेंच पसंत केलें. परंतु एकत्र राहण्यास रुकार देणें म्हणजे घरच्या कारभाराची किल्ली दुसऱ्याच्या हवालीं करणें नव्हे. आमच्या व्यापारी बंधूंस मुखत्यारपत्र आणि खरेदीखत यांतील भेद सांगावयास नको. मुखत्यारपत्र देणारा तें वाटेल तेव्हां रद्द करतो. खरेदीखत मात्र एकदां करून दिलें म्हणजे विकणाऱ्याची सत्ता संपते. स्कॉटलंडास वाटलें खरेदीखत मिळालें. निघालें तें मुखत्यारपत्र! संमति देणाऱ्या वेल्सचाही अनुभव पुढें निराळा ठरला नाहीं. २०२० सालीं अंतर्गत बाजारपेठेच्या कायद्यास स्कॉटलंड व वेल्स या दोहोंनींही संमति नाकारली, तरी तो झालाच.

याच सभागृहांत १८९२ ते १८९५ पर्यंत दादाभाई नौरोजी बसत. त्या काळीं हिंदुस्थानचा जमाखर्च अधिवेशनाच्या अखेरीस, बहुतेक रिकाम्या बाकांपुढें मांडला जाई. स्कॉटलंडची स्थिति तितकी दीन नाहीं. २०१८ सालीं ६५० सभासदांत त्याचे ५९ होते. पण अल्पसंख्येचें गाऱ्हाणें ऐकण्यास बहुसंख्येस सवड नसते, हा अनुभव दोघांचाही सारखाच आहे. आणि आम्हीं दुसऱ्यास नांवें ठेवून मोकळें होऊं नये. आमच्या राज्यघटनेनें विषयांच्या याद्या केल्या, तंट्यासाठीं न्यायालय नेमलें, हें ब्रिटनहून पुष्कळच बरें. तरी तिसऱ्या कलमाप्रमाणें राज्याची सीमा बदलतांना तेथील विधिमंडळाचें मत तेवढें मागवावें लागतें. संमति लागत नाहीं. १९५६ सालीं द्वैभाषिक मुंबई राज्य मराठी जनतेच्या इच्छेविरुद्ध तिच्या गळ्यांत बांधलें गेलें, तें १९६० पर्यंत झगडून काढावें लागलें.

तात्पर्य, संमतीचा नियम खरा असावयाचा तर ‘सामान्यतः’ हा शब्द कायद्यांतून गेला पाहिजे, अपवाद मोजके व लिहिलेले असले पाहिजेत, आणि ते मोडल्यास दाद मागण्यास न्यायालयाचें दार उघडें पाहिजे. तोंपर्यंत स्कॉटलंडचें विधिमंडळ कितीही उत्तम चालो, त्याचा हक्क दुसऱ्याच्या मर्जीवर टांगलेला राहील; आणि मर्जी फिरण्यास वीस मिनिटें पुरतात.