टी-४ मोजण्यासाठी टी-४च घालावा लागतो

थायरॉइडच्या रिपोर्टवर टी-४ या हार्मोनचा जो आकडा छापून येतो, तो मिळवताना बहुतेक लॅबमध्ये पेशंटच्या सीरममध्ये मुद्दाम जादाचा टी-४ मिसळलेला असतो. वाचायला विचित्र वाटतं, पण त्याला कारण आहे. त्याच रिपोर्टवरचं टीएसएच हे मोठं प्रथिन. ते मोजताना एक अँटिबॉडी त्याला एका बाजूनं पकडते, दुसरी दुसऱ्या बाजूनं. टी-४चा रेणुभार मात्र अवघा ७७७. त्याच्यावर एकाच वेळी दोन अँटिबॉडी बसायला जागाच नाही.

म्हणून स्पर्धा लावतात. एलायझा पद्धतीत हा जादाचा टी-४ एचआरपी नावाच्या एन्झाइमला जोडलेला असतो. ही जोडी म्हणजे कॉन्ज्युगेट. प्लेटमधल्या प्रत्येक वेलच्या, म्हणजे खळग्याच्या, तळाला मोजक्या अँटिबॉडी चिकटवलेल्या असतात. त्यात सीरम आणि कॉन्ज्युगेट टाकलं की पेशंटचा टी-४ आणि हा लेबलवाला टी-४ त्याच जागांसाठी झगडतात. जागा न मिळालेले वॉशमध्ये निघून जातात. मग टीएमबी हे रंग देणारं रसायन घातलं की वेल निळी होते, आम्ल घातलं की पिवळी, आणि रीडर ४५० नॅनोमीटरला तो पिवळा रंग मोजतो. हिशेब उलटा: रंग जितका गडद, तितका पेशंटचा टी-४ कमी.

खरं कसब जोडणीत आहे. टी-४ आणि टी-३ यांच्यात फरक एका आयोडीन अणूचा. एन्झाइम आयोडीनच्या बाजूला चिकटलं तर अँटिबॉडीला ओळखायची खूणच झाकली जाते. म्हणून जोड रेणूच्या दुसऱ्या टोकाला, अमिनो आम्लाच्या बाजूनं देतात.

फ्री, म्हणजे मोकळा, टी-४ मोजताना पेच वाढतो. रक्तातला ९९.९ टक्क्यांहून अधिक टी-४ वाहक प्रथिनांना बांधलेला असतो. कॉन्ज्युगेटही त्यांना जाऊन चिकटलं तर आकडा बिघडणार. तेव्हा अँटिबॉडीला आवडेल पण वाहकांना नको असेल, असं कॉन्ज्युगेट घडवावं लागतं.

काही यंत्रांत अँटिबॉडी किंवा कॉन्ज्युगेट पकडून ठेवायला बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिनची जोडी वापरतात. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेणाऱ्याच्या रक्तातलं बायोटिन स्ट्रेप्टाव्हिडिनवरच्या जागा अडवतं. सिग्नल घटतो, आणि उलट्या हिशेबानं टी-४ खोटाच जास्त दिसतो. दोन अँटिबॉडींनी पकडलेल्या टीएसएचचा हिशेब सुलटा, म्हणून ते खोटंच कमी. धडधाकट माणसाचा रिपोर्ट हायपरथायरॉइडचा वाटतो. अमेरिकेच्या एफडीएनं २०१७ साली बायोटिनच्या अशा ढवळाढवळीबद्दल इशारा दिला होता. रक्त देताना असल्या गोळ्या चालू असल्याचं लॅबला सांगावं.