लेसर त्वचा-नवीकरण, अनपक्षरक

सुरकुत्या, खडबडीतपणा, मुरुमांचे व्रण व उन्हामुळे पडलेले डाग कमी करण्यासाठी, त्वचेचा वरचा थर न काढता, तिच्या आतील थरास लेसर प्रकाशाने नियंत्रित उष्णता देण्याच्या उपचारास अनपक्षरक लेसर त्वचा-नवीकरण म्हणतात. पृष्ठभागाचा थर वाफेच्या रूपाने उडवून लावण्याच्या क्रियेस अपक्षरण म्हणतात. ज्या पद्धतीत असे होत नाही ती अनपक्षरक होय. या उपचारात लेसर किरण स्वतः नवी त्वचा घडवीत नाहीत. ते आतील थरास अल्पशी इजा करतात आणि ती भरून काढताना त्वचाच नवे तंतू निर्माण करते. उपचाराचे गुण व त्याच्या मर्यादा या दोहोंचे मूळ येथेच आहे.

त्वचेतील बदल : चेहऱ्यावरील बाह्यत्वचा सु. ०.०५ ते ०.१ मिमी. एवढीच जाड असते. तिच्याखाली असलेल्या अंतस्त्वचेत कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचे जाळे असून त्वचेला बळकटी त्यामुळेच येते. अंतस्त्वचेच्या कोरड्या वजनाचा सु. तीनचतुर्थांश भाग कोलॅजेनाचा असतो. लवचिकपणा इलॅस्टिन तंतूंमुळे येतो. वय वाढते तसे तंतुजनक कोशिकांचे कार्य मंदावते व कोलॅजेन घटत जाते. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांमुळे कोलॅजेनाचे विघटन करणारी एंझाइमे वाढतात आणि लवचिक तंतूंचे बेढब पुंजके बनतात. चेहरा, मान व हातांची पाठ हे नेहमी उघडे राहणारे भाग झाकलेल्या भागांपेक्षा लवकर जून दिसतात, ते यामुळेच.

इतिहास : अमेरिकन भौतिकीविज्ञ थीओडोर मेमन यांनी १९६० मध्ये माणकाच्या स्फटिकाच्या साहाय्याने पहिला लेसर तयार केला. त्यानंतर थोड्याच वर्षांत लीऑन गोल्डमन या त्वचारोगतज्ञांनी सिनसिनॅटी येथे लेसरच्या त्वचेवरील परिणामांचा अभ्यास सुरू केला. बारामती येथे जन्मलेले व पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे पदवीधर सी. कुमार पटेल यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कार्बन डाय-ऑक्साइड लेसराचा शोध लावला. त्याच्या १०,६०० नॅमी. (१ नॅमी. = १ मीटरचा अब्जांश भाग) तरंगलांबीच्या किरणांचे पाण्यात तीव्र शोषण होते. ऊतकात पाण्याचे प्रमाण मोठे असल्याने किरण पडताच वरचा थर वाफ होऊन उडून जातो.

१९९० नंतरच्या दशकात हा लेसर व २,९४० नॅमी. तरंगलांबीचा अर्बियम-याग लेसर सुरकुत्यांवर वापरात आले. त्यांचे परिणाम ठळक होते. परंतु चेहऱ्यावरील ओली जखम भरून येण्यास एक ते दोन आठवडे लागत व लाली कित्येकदा महिनोन् महिने टिके. जंतुसंसर्ग, व्रण आणि रंग कायमचा फिका पडणे हे धोकेही होते. सावळ्या त्वचेत काळे डाग पडण्याचे प्रमाण विशेष असे. यांतूनच वरचा थर शाबूत ठेवणाऱ्या पद्धतींचा शोध सुरू झाला.

तत्त्व : अमेरिकेतील रॉक्स अँडरसन व जॉन पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडलेले निवडक प्रकाश-औष्णिक क्रियेचे तत्त्व आधुनिक त्वचा-लेसरांचा पाया आहे. त्वचेतील मेलॅनीन हे रंगद्रव्य, रक्तातील हीमोग्लोबिन आणि पाणी यांपैकी प्रत्येक घटक ठराविक तरंगलांब्यांचा प्रकाश अधिक शोषतो. योग्य तरंगलांबी निवडली आणि लक्ष्य घटकातील उष्णता आसपास पसरण्यापूर्वीच संपेल इतका अल्पकालीन स्पंद दिला, तर इजा त्या घटकापुरतीच मर्यादित राहते.

अनपक्षरक पद्धतीत याला शीतनाची जोड मिळते. स्पंदाच्या आधी किंवा त्याबरोबर थंड द्रवाचा फवारा मारून अथवा नीलमण्याचे थंड भिंग टेकवून बाह्यत्वचा गार ठेवतात. अंतस्त्वचेचे तापमान मात्र सु. ६०° ते ७०° से. पर्यंत चढते, त्यामुळे तेथील काही कोलॅजेन तंतू आक्रसतात आणि सौम्य दाह होतो. दाहामुळे तंतुजनक कोशिका उद्दीपित होऊन पुढील काही महिने नवे कोलॅजेन तयार होत राहते.

प्रकार : पाणी हे लक्ष्य असणाऱ्या लेसरांत १,३२० नॅमी.चा निओडिमियम-याग, १,४५० नॅमी.चा डायोड व १,५४० नॅमी.चा अर्बियम-काच हे प्रमुख होत. ५८५ ते ५९५ नॅमी.चा रंजक-द्रव लेसर हीमोग्लोबिनात शोषला जात असल्याने लाली व बारीक रक्तवाहिन्यांवर अधिक उपयोगी पडतो. अनेक तरंगलांब्यांचा तीव्र स्पंदित प्रकाशही अशाच कामी वापरतात. मात्र तो लेसर नव्हे.

२००४ मध्ये डीटर मानश्टाइन, अँडरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अंशात्मक पद्धती मांडली. तीत संपूर्ण पृष्ठभाग न तापवता सु. ०.१ मिमी. व्यासाच्या असंख्य सूक्ष्म स्तंभांतच उष्णता सोडतात. स्तंभांमधील त्वचा निरोगी राहते व तेथील कोशिका पुढे सरकून सु. एका दिवसात बाह्यत्वचेतील उणीव भरून काढतात. या कामी अर्बियमयुक्त तंतूचा १,५५० नॅमी.चा लेसर प्रथम वापरला गेला. अधिक उथळ परिणामासाठी १,९२७ नॅमी.चा थुलियम लेसर वापरतात.

उपचार व फलित : त्वचा स्वच्छ करून आवश्यकतेनुसार बधिर करणारे मलम लावतात. सु. ४०० ते १,४०० नॅमी. तरंगलांबीचे किरण डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचतात, तर त्याहून लांब तरंगांचे किरण स्वच्छमंडलास इजा करू शकतात. यासाठी रुग्ण, वैद्य व साहाय्यक अशा सर्वांनी त्या त्या तरंगलांबीस योग्य असे चष्मे किंवा नेत्रकवच वापरणे अत्यावश्यक असते. साधारणतः सु. चार आठवड्यांच्या अंतराने तीन ते सहा बैठका होतात. लाली व सूज काही तासांपासून दोन-तीन दिवसांपर्यंत राहते. अंशात्मक उपचारानंतर काही दिवस त्वचा तपकिरी दिसून तिचा बारीक कोंडा निघतो.

फलित सावकाश, सु. तीन ते सहा महिन्यांत दिसू लागते. बारीक सुरकुत्या, मुरुमांचे उथळ व्रण व खडबडीतपणा यांत मध्यम प्रतीची सुधारणा होते. खोल घड्या व लोंबलेली त्वचा यांवर फारसा परिणाम होत नाही. कारण त्यांचा संबंध स्नायू, मेद व हाडे यांतील बदलांशीही असतो. वार्धक्याची प्रक्रिया चालूच राहत असल्याने सुधारणा कायम टिकत नाही.

सावळी त्वचा : टॉमस फिट्सपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये सुरू केलेल्या व पुढे सहा प्रकारांपर्यंत वाढविलेल्या वर्गीकरणानुसार बहुसंख्य भारतीयांची त्वचा तिसऱ्या ते पाचव्या प्रकारात मोडते. तीत मेलॅनीन अधिक असल्याने आखूड तरंगलांब्यांचा प्रकाश वरच्या थरातच शोषला जाऊन भाजण्याचा धोका असतो. १,३०० नॅमी. पलीकडील किरण मेलॅनीनात फारच थोडे शोषले जातात, म्हणून सावळ्या त्वचेस ते तुलनेने सुरक्षित असतात. तरीही उष्णतेमुळे झालेला दाह रंगद्रव्य-कोशिकांना चेतवू शकतो व काही आठवड्यांनी काळसर डाग उमटतात. ते जाण्यास महिने लागतात. वांग असल्यास तो अधिक गडद होण्याचाही संभव असतो. यामुळे अशा त्वचेवर ऊर्जा व स्तंभांची दाटी कमी ठेवणे, दोन बैठकांतील अंतर वाढविणे आणि आधी लहानशा जागी चाचणी घेणे श्रेयस्कर ठरते. उन्हाने नुकत्याच रापलेल्या त्वचेवर उपचार करीत नाहीत.

दक्षता : त्वचेस संसर्ग झालेला असताना उपचार पुढे ढकलतात. जखमेच्या जागी जाड, वाढत जाणारा व्रण येण्याची प्रवृत्ती असल्यास तो सहसा टाळतात. ओठांभोवती वारंवार परिसर्पाच्या पुटकुळ्या उठत असल्यास प्रतिबंधक औषध देतात. कोणत्याही काळ्या डागाचे निदान झाल्याविना त्यावर लेसर वापरणे धोक्याचे असते. कारण डाग कर्करोगाचा असल्यास वरचा रंग नाहीसा होऊन रोग दडून राहू शकतो. त्यामुळे उपकरण कोणते यापेक्षा निदान करणारा व ऊर्जेचे प्रमाण ठरविणारा वैद्य प्रशिक्षित आहे की नाही, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

उपचारानंतर सूर्यप्रकाशापासून संरक्षण करणे अनिवार्य आहे. ज्या किरणांनी जुने कोलॅजेन झिजले तेच नव्याचीही झीज करतात. छत्री, टोपी, अंगभर कपडे आणि प्रकाशरोधक मलम यांचा नित्य वापर न केल्यास अनेक बैठकांनी साधलेली सुधारणा लवकरच ओसरते. हा वापर तरुणपणापासून केल्यास अशा उपचाराची गरजही पुष्कळ अंशी कमी होते.