डी.एड. झालंय, आता नर्सिंग करू का?

डी.एड. करून शिक्षकभरतीची वाट बघणाऱ्या ताई, बी.ए. होऊन बियाणे कंपनीत हंगामी कामाला जाणारे, एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये पाळी करणारे. जालना जिल्ह्यात तिशीच्या आसपास हा प्रश्न विचारणारे असे बरेच. जालन्यात १०० जागांचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झालं, बदनापूरजवळ वरुडीला खासगी आहेच. रुग्णालयं आली की नर्स लागतातच, तेव्हा विचार चुकीचा नाही. घात करते ती ऐकीव माहिती.

सगळ्यात महागात पडणारा समज म्हणजे ‘मी ग्रॅज्युएट, मला थेट दुसऱ्या वर्षाला घेतील.’ नाही घेत. अमेरिकेत आधीची पदवी असली की वर्ष-दीड वर्षात नर्सिंगची पदवी होते. तिकडचे व्हिडिओ पाहून आपल्याकडचे लोक आशा लावून बसतात. इथे बी.ए. असो की एम.ए., सुरुवात पहिल्या वर्षापासूनच. बघतात ती बारावी. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. त्याला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी लागतं, खुल्या वर्गाला त्यात ४५ टक्के हवेत, शिवाय राज्याची सीईटी.

मग आर्ट्सवाल्यांचं दार बंद? तेही खरं नाही. जीएनएम या तीन वर्षांच्या डिप्लोमाला कुठल्याही शाखेची बारावी चालते. ४० टक्के हवेत आणि इंग्रजीत पास. पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक केलं की बी.एस्सी. पदरात. पदवीसाठी पुन्हा सायन्समधून बारावी द्यायचा घाट घालण्यापेक्षा मला हाच रस्ता सरळ वाटतो. ‘हे बायकांचं काम’ म्हणणाऱ्यांसाठी एवढंच : पुरुषांना बंद आहे ते फक्त एएनएम, म्हणजे सहायक परिचारिकेचा दोन वर्षांचा कोर्स.

‘शिकायला वय नसतं’ हे वाक्य मात्र इथे जपून वापरावं. जीएनएमला वयाची अट १७ ते ३५ आहे. शिवाय राज्य सरकारच्या नोकरीत सर्वसाधारणपणे खुल्या वर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३ वर्षांपर्यंतच प्रवेश. चौतिसाव्या वर्षी जीएनएमला बसलेली खुल्या वर्गातली ताई सदतिसाव्या वर्षी बाहेर पडेल. सरकारी भरतीसाठी तिच्या हाती जेमतेम वर्षभर उरेल. खासगी दवाखान्यांचं गणित वेगळं, पण पगारही वेगळा.

कामावर राहून किंवा घरबसल्या हे होईल, अशीही आशा असते. प्रात्यक्षिकाची हजेरी १०० टक्के भरल्याशिवाय पदवी हाती पडत नाही. वॉर्डातल्या पोस्टिंगमध्ये सकाळ, दुपार, रात्र अशा पाळ्या येतात. पेशंट बेडवर असतानाच चादर बदलायची, ताप-बीपी चार्टवर चढवायचं, बाळंतपणं केसबुकात लिहून मॅडमची सही घ्यायची. मिलची रात्रपाळी सांभाळून हे जमणार नाही.

राहिली ती ‘दहावी पास, सहा महिन्यांत नर्स’ छापाची जाहिरात. असल्या प्रमाणपत्रावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळत नाही, आणि नोंदणीशिवाय तुम्ही नर्स नाही. फार तर मदतनीस. म्हणून फी भरण्याआधी कॉलेजची राज्य परिषदेची मान्यता तपासा, बी.एस्सी. असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नताही. मग विद्यार्थी प्रात्यक्षिकाला कुठल्या दवाखान्यात जातात ते विचारा आणि तिथे खरोखर पेशंट आहेत का, हे स्वतः जाऊन बघून या.