नवे पेट्रोल, जुना कार्बोरेटर आणि आपली फुप्फुसे

हर्सूलहून फुलंब्री, सिल्लोडकडे जाणाऱ्या जळगाव रस्त्यावर दूधवाले, भाजीवाले, शेतकरी यांच्या जुन्या मोटारसायकली अजून रोज धावतात. ‘सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही, पिकअप गेला, सायलेन्सर फटफट करतो’ अशी तक्रार या गाड्यांचे मालक हल्ली करतात. त्यामागचे शास्त्र साधे आहे. मात्र त्याच्या दुरुस्तीत आरोग्याचे दोन धोके दडलेले आहेत.

आपल्या पेट्रोलमध्ये २०२२ च्या मध्यापर्यंत १० टक्के इथेनॉल आले. २०२३ पासून २० टक्क्यांचे, म्हणजे ‘ई-२०’ पेट्रोल पंपांवर येऊ लागले. इथेनॉलच्या वजनाचा सुमारे एक तृतीयांश भाग ऑक्सिजन असतो. त्यामुळे ते जाळायला हवा कमी लागते. एक किलो शुद्ध पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा लागते, ई-२० ला साधारण १३.५ किलो. बीएस-६ निकष १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. त्यानंतरच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या हा फरक बऱ्याच अंशी सांभाळून घेतात. कार्बोरेटरच्या जेटचे भोक मात्र ठरलेल्या मापाचे. इंधन बदलले तरी ते तेवढेच पेट्रोल सोडते आणि मिश्रण ‘लीन’ होते, म्हणजे हवा जास्त, इंधन कमी. शिवाय इथेनॉलची वाफ व्हायला उष्णता जास्त लागते, म्हणून थंडीत चोक जास्त वेळ ओढावा लागतो.

मिस्त्री मग स्क्रू फिरवून मिश्रण ‘रिच’ करतो. थोडे केले तर योग्यच. पण हा स्क्रू मुख्यतः आयडलिंगपुरता असतो. वेगात गाडी अडखळत असेल तर जेट तपासावा लागतो. ते न करता स्क्रू फिरवतच राहिले, तर अर्धवट जळालेल्या इंधनातून कार्बन मोनॉक्साइड वाढतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. म्हणून शटर खाली ओढून किंवा बंद पडवीत गाडीचे ट्युनिंग कधीही करू नये. डोके दुखू लागले, मळमळले, गरगरले तर आधी मोकळ्या हवेत या.

दुसरा धोका नळीचा. इथेनॉल पाणी शोषते. गाडी बरेच दिवस उभी राहिली की पाणी आणि इथेनॉल टाकीच्या तळाशी बसू शकते. ते काढायला अनेक जण तोंडाने नळी ओढतात. पेट्रोल इतके पातळ असते की घोटभरही नको, थोडेसे श्वासनलिकेत गेले तरी फुप्फुसात पसरते. आधी ठसका, मग काही तासांत ताप, धाप आणि रासायनिक न्यूमोनिया. सुरुवातीचा एक्स-रे साफ असू शकतो, म्हणून ‘काही झाले नाही’ असे समजू नका.

अशा वेळी मीठपाणी पाजून उलटी करवू नका. उलटीसोबत पेट्रोल पुन्हा फुप्फुसात जाते. रुग्णाला बसवून ठेवा, कपड्यांवर सांडले असेल तर ते काढा, अंग साबणाने धुवा आणि थेट रुग्णालय गाठा.

कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल काढण्याचा स्क्रू असतो. टाकीसाठी हातपंप मिळतो. इंजिन थंड असताना, विडी-सिगारेट दूर ठेवून त्यांचाच वापर करा. आणि काढलेले पेट्रोल पाण्याच्या बाटलीत कधीच भरू नका. घरातल्या लहान मुलाला ते पाणीच वाटते.